पोच्या भाताचं बहुमत

माझ्या बानं एकंदर तीन निवडणुका लढवल्या. पहिलीत आपण उभे होतो हे त्याला निवडून आल्यावर आठ दिवसांनी कळलं, दुसरीत त्याच्या विरोधकाची मतं कारकुनांनी शिजवून खाल्ली, आणि तिसरीत तो एकटाच उभा होता तरी पडला. हल्ली जव्हारला निवडणूक आली की गाड्यांवरचे कर्णे सकाळपासून बोंबलत फिरतात. पोरं माझ्या ओट्यावर रंगीत कागद टाकून जातात. वर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, खाली त्यानं काय काय केलं त्याची यादी. शेजारची सून म्हणते, "बाई, तुम्ही ते कशाला वाचता, चुलीत घाला." मी घालते चुलीत, पण आधी चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या नावापर्यंत सगळं वाचते. मधला एक शब्द गाळत नाही. मला तशी खोडच लागली आहे, आणि ती का लागली तेच आज लिहून टाकायचं आहे.

आमचा पाडा करवंदमाळ. संस्थानाच्या अगदी काठावर. खालच्या ओढ्याच्या अलीकडे महाराजांचं राज्य आणि पलीकडे मोखाड्याचा मुलूख, तो इंग्रजांचा. आमची म्हैस सकाळी इंग्रजांकडे चरायची आणि संध्याकाळी महाराजांकडे दूध द्यायची, दोन्ही सरकारांना त्याचा पत्ता नव्हता. घर कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं, आत चुलीच्या धुरानं काळं कुळकुळीत. पहाटे जाग यायची ती आईच्या जात्याच्या घरघरीनं. नागली, म्हणजे नाचणी, दळताना ती गाणं म्हणायची नाही, बडबडायची. बाचं काय चुकलं, जावेचं काय चुकलं, देवाचं काय चुकलं, सगळा हिशेब जात्याच्या तोंडात घालून दळून काढायची. मग नागलीची काळी भाकर, वर खुरासणीची चटणी, असला तर सुक्या बोंबलाचा तुकडा. त्या चटणीचा खमंग वास आजही कुठं आला तर मी वाटेत उभी राहते. आमची घरातली बोली वेगळी. इथं मी ती मराठीत लिहिते आहे, पण आईचं बोलणं मराठीत पुरतं मावत नाही हे आधीच सांगते. निम्मं तर लिहिण्यासारखंही नाही.

तर पहिली निवडणूक. महाराजांच्या मनात आलं की आपल्या राज्यात प्रजेची सभा असावी, रयतेनं येऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात. हेतू चांगलाच होता. तो हेतू घोड्यावर बसून महालकरी साहेबांच्या रूपानं आमच्या पाड्यावर पोचेपर्यंत दुपार झाली होती आणि साहेबांना भूक लागली होती. बानं कोंबडा कापला. साहेब जेवले, ढेकर दिली, कागद काढला आणि म्हणाले, "या भागातून एक माणूस निवडायचा आहे. कोण आहे लायक?" माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सरकार माणूस मागतं ते वेठीला, एवढंच त्यांना ठाऊक. साहेबांना उन्हं कलायच्या आत घाट उतरायचा होता. ते म्हणाले, "बरं, कोंबडा कोणाचा होता?" सगळे एका सुरात म्हणाले, "लखमा पाटलाचा." साहेबांनी नाव लिहिलं आणि घोड्यावर बसले. बा बिचारा त्या वेळी घोड्याला पाणी दाखवत होता.

आठ दिवसांनी शिपाई लखोटा घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, श्रीयुत लक्ष्मणराव पाटील, सभासद. शिपायानं तो वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "हा लक्ष्मणराव कोण? इथं असला कोणी राहत नाय." शिपाई म्हणाला, "बाई, तुमचा नवरा." आईनं बाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, हातात कोयती. मग म्हणाली, "कोंबडा दिला तं मेंबर केला. म्हैस दिली असती तं दिवाण केला असता." बा नुसता हसला. तो फार कमी बोलायचा. आईशी लग्न झाल्यावर बोलायला त्याला जागाच उरली नसावी.

सभेला कोट लागतो असं शिपाई सांगून गेला होता. बानं मोखाड्याच्या बाजारातून एक काळा कोट आणला. तो कोणा धिप्पाड माणसासाठी शिवलेला होता आणि तो माणूस घ्यायला आलाच नव्हता. बाह्या बाच्या बोटांच्या पुढं वीतभर लोंबायच्या. बा पहाटे निघून दिवसभर चालत जव्हारला जायचा, कोट डोक्यावर गाठोड्यात, आणि गावाच्या वेशीवर आला की अंगात चढवायचा. तिथं काय चालतं ते आम्ही त्याला खोदून खोदून विचारायचो. "एक साहेब वाचतो," बा सांगायचा. "मंग दुसरा म्हणतो, पसंत असेल त्यांनी हात वर करा. सगळे करतात. मंग जेवण." बाचा हात वर गेला तरी दिसायची ती बाहीच. अध्यक्ष म्हणे मोजताना म्हणायचे, "करवंदमाळची बाही अनुकूल." जेवणाला बुंदीचा लाडू असे. बा आपल्या वाटचा लाडू खायचा नाही, कोटाच्या खिशात घालून आमच्यासाठी आणायचा. त्या लाडवाला कोटाचा, घामाचा आणि तंबाखूचा मिळून एक वास असे. मी आणि माझा भाऊ देव्या, आम्ही बानं किती ठराव पास केले ते लाडवांवरून सांगायचो.

आई मात्र सोडायची नाही. "हात वर केला तो कशासाठी?"

"सगळ्यांनी केला."

"सगळे उद्या कड्यावरून उड्या मारतील, तं तू?"

बा विचार करायचा आणि म्हणायचा, "महाराज बसलेले असतात गं समोर. पाहुण्याच्या घरी जेवायला गेल्यावर भाजी आळणी हाय असं म्हणतात का?" यावर मात्र आई चुलीकडे वळायची, कारण आमच्याकडे ते खरोखरच म्हणत नाहीत.

काही वर्षांनी दुसरी निवडणूक आली. या खेपेला विरोधक होता. खालच्या गावातला एक शेठ, भला माणूस, पण मेंबराच्या कोटाचा मोह पडला होता. मत कसं घ्यायचं हा प्रश्न होता, कारण शेतसारा भरणाऱ्या आमच्या माणसांना चिठ्ठी वाचता येत नव्हती. कोणा हुशार डोक्यातून निघालं की दोन मडकी ठेवावीत, एक लखमा पाटलाचं आणि एक शेठचं. मतदारानं घरून दाणे आणावेत, पाटील पसंत असेल तर त्याच्या मडक्यात मूठभर नागली टाकावी, शेठ पसंत असेल तर त्याच्या मडक्यात मूठभर तांदूळ. शेवटी मापानं मोजायचं. आमच्याकडे मोठ्या पंजाच्या माणसाचं मत मोठं झालं ते तेव्हाच. पण त्या हुशार डोक्याला आमची रीत ठाऊक नव्हती. दारात कोणी मडकं, टोपली, सूप घेऊन आलं तर ते रिकामं माघारी जाऊ द्यायचं नाही. घरात काही नसेल तर मिठाचा खडा टाकायचा, पण टाकायचा. रिकामं मडकं परत गेलं की घरातली बरकत त्याच्या मागोमाग चालत जाते. आता समोर दोन मडकी ठेवलेली. एकात टाकायचं आणि दुसऱ्याला तसंच ठेवायचं? असा उद्धटपणा आमच्या पाड्यावर कोण करील? प्रत्येक माणूस दोन्ही मुठी भरून आला आणि दोन्ही मडक्यांत ओतून, दोघांनाही हात जोडून गेला. दोन्ही मडकी काठोकाठ.

कारकून डोक्याला हात लावून बसले. त्यात पाऊस लागला, ओढा फुगला, त्यांना दोन दिवस चावडीतच मुक्काम पडला. बरोबरची शिदोरी संपली. नागली दळायची कोण, थापायची कोण? तांदूळ मात्र नुसता शिजत घातला की झालं. ओढा उतरला तेव्हा शेठचं मडकं तळाला गेलं होतं. त्याच मडक्यात भात शिजवला होता म्हणून ते बाहेरून काळंही झालं होतं. कारकुनांनी वर लिहून कळवलं की उंदरांनी थोडी नासाडी केली, परंतु प्रजेचा कौल स्पष्ट आहे. बा प्रचंड बहुमतानं निवडून आला. शेठनं त्यानंतर निवडणुकीचं नाव घेतलं नाही. तो म्हणायचा, "हरलो त्याचं काही नाही हो. माझ्या मतांबरोबर त्यांनी लोणचंही माझ्याच दुकानातून नेलं."

या दुसऱ्या खेपेपासून सभेचे कागद आधी घरी यायला लागले, सभासदांनी विचार करून यावं म्हणून. विचार करायला बा तयार होता, पण वाचणार कोण? घरातल्या कोणीतरी शिकायला हवं असं ठरलं. देव्याला शाळेत घालावं असं बाचं म्हणणं. आई म्हणाली, "देव्या गुरांमागं लागतो, त्याला शाळेत घातला तं गुरं तू राखशील? ही बुधी काय कामाची हाय? भाकर थापली तं नकाशा करते. हिला घाल." अशी मी बिनकामाची ठरून शिकले. पुढं मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि स्त्रीशिक्षणावर भाषण करायला कोणी बोलावलं की मला नेमकी आईची ती भाकर आठवते.

शाळा तासाभराच्या वाटेवर एका पडवीत भरायची. मास्तर प्रेमळ होते, पण त्यांना जोडाक्षरांचा कंटाळा. पुस्तकात अवघड जोडाक्षर आलं की म्हणायचे, "ते वरच्या इयत्तेत. पुढं चला." वरची इयत्ता तिथं नव्हतीच. त्यामुळे मला वाचता यायला लागलं ते असं, की सोपं असेल तिथं झऱ्यासारखी वाहायची आणि दगड आला की उडी मारून पलीकडे. दोन वर्षांत मी उडी मारण्यात इतकी तरबेज झाले की ऐकणाऱ्याला मधे दगड होता हे कळायचंही नाही.

माझं वाचन हा पाड्यावरचा खेळ झाला होता. लखोटा आला की उन्हं कलल्यावर आमच्या अंगणात माणसं जमायची. गोमा म्हातारा, पाड्यातला सगळ्यात जाणता माणूस, पुढं बसायचा. बा माझ्या शेजारी. मी ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायची. माझं वय असेल अकरा. तेवढ्या माणसांनी माझ्या तोंडाकडे बघत बसावं याची मला जी चटक लागली होती, तिला काय म्हणावं? माज म्हणावं. दुसरा शब्द नाही.

त्या दिवशीचा कागद लांबलचक होता. महाराजांच्या वाढदिवसाची रोषणाई, ते वाचलं. जव्हारच्या तळ्याची साफसफाई, ते वाचलं. मग तिसरं कलम आलं. आता ते मला पाठ आहे. "वर्षाऋतुपूर्व क्षेत्रदहनार्थ वृक्षशाखाच्छेदनास प्रतिबंध करण्यात येत असून उल्लंघन करणारास दंड होईल." पहिल्याच शब्दावर माझी जीभ अडली. मी मान वर केली. गोमा म्हातारा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याच्या मागं माझ्या वयाच्या पोरी उभ्या होत्या, शाळेत न गेलेल्या, माझा हेवा करणाऱ्या. मी बोट उचललं आणि चार ओळी खाली टेकवलं. "अनुकूल सभासदांनी हात वर करावा," असं शेवटचं वाक्य खणखणीत वाचून कागदाची घडी केली.

"वा! पोरगी काय वाचते," गोमा म्हणाला. "वाऱ्यासारखी."

बा माझ्या बोटाकडे बघत होता. "झालं सगळं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"सगळं?"

"सगळं," मी म्हटलं.

त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी जव्हारला जाऊन हात वर करून आला. लाडू आणला. मी खाल्ला.

ज्यांना आमची शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या डोंगरात रोपं तयार करायची तर राब भाजावा लागतो. हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडायच्या, झाड नाही, फांद्या, त्या वाळवायच्या, रोपाच्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि पावसाआधी पेटवून द्यायचं. त्या राखेत पेरलं की तण येत नाही आणि रोप तरारून वर येतं. भात असो नाहीतर नागली, राबाशिवाय आमच्याकडे पीक नाही. आणि माझ्या बानं बाही वर करून मान्य केलं होतं की पावसाळ्यापूर्वी शेत भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या नाहीत. एवढी साधी गोष्ट. मास्तरांच्या वरच्या इयत्तेतल्या शब्दांत ती लिहिली होती.

माघात जंगलाचा शिपाई दवंडी घेऊन आला तेव्हा ते आम्हाला कळलं. माणसं आमच्या अंगणात आली, तीच माणसं, त्याच जागी बसली.

"तू होतास ना तिथं?" गोमानं विचारलं.

"होतो," बा म्हणाला.

"हात वर केलास?"

"केला."

"कशाला रं, लखमा?"

मी दाराच्या खांबामागं होते. बानं नुसतं म्हणायचं होतं, पोरीनं वाचलं नाही. खरंच होतं ते. मी वाट बघत होते की आता म्हणेल, आता म्हणेल. तो जमिनीकडे बघत बसला. माझ्याकडे त्यानं डोळा वर करूनही पाहिलं नाही. आणि मी, तेवढी माणसं समोर असताना एरवी जिची जीभ थांबत नसे ती मी, खांबाची साल नखानं सोलत उभी राहिले. शेवटी गोमा उठला. "कोट घातला की माणूस आंधळा होतो वाटतं," म्हणाला आणि गेला. त्याच्यामागं सगळे गेले. ती लाज अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

त्या वर्षी ओढ्यापलीकडे राब जळत होते आणि धूर आमच्याकडे येत होता. आमच्या बायका तो धूर नाकानं ओढून उभ्या राहायच्या. राबाशिवाय पेरलं. तणानं रोप गिळलं. जे वाचलं ते पिवळं, बोटभर. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, महिनाभर उशिरा झाली आणि लोंब्या भरायच्या वेळेला पाऊस निघून गेला. भरलेली लोंबी लवते, पोची, आत दाणाच नसलेली, ताठ उभी राहते. आमची शेतं त्या वर्षी शिपायासारखी ताठ उभी होती. कापणी केली, झोडणी केली, खळ्यावर ढीगही दिसला, पण वाऱ्यावर धरलं की सगळं उडून जायचं. देव्या गवत कापायला खाली समुद्राकाठच्या बंदरपट्टीत गेला, पंधरा वर्षांचं पोर. आम्ही कडूकंद उकडून, रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवून खायचो. आई जात्यावर बसायची नाही, दळायला काही नव्हतं. तिच्या बडबडीवाचून मला पहाटे जाग येईना.

आणि अशात मार्गशीर्षात तिसरी निवडणूक आली. विरोधक कोणी नव्हता. तरी कारकून आले, कारण प्रजेचा कौल मापानं मोजून वर कळवायचा असा नियम होता. मागच्या उंदरांचा अनुभव असल्यामुळे वरून हुकूम होता की यंदा तांदूळ नको, न कांडलेलं भात घ्यावं. उंबराखाली एक मडकं ठेवलं. बा कोट घालून शेजारी बसला. महालकरी साहेब नवे होते, उत्साही होते.

पहिला गोमा आला. पंच्याची गाठ सोडली आणि मडक्यात ओतलं. भात पडतं तेव्हा सरसर आवाज होतो. या भाताचा आवाज झाला नाही. बानं मान वर केली. गोमानं त्याच्याकडे बघून हात जोडले आणि बाजूला झाला. मग एकामागून एक सगळे आले. एकही खातेदार घरी राहिला नाही. मूठ नाही, ओंजळ नाही, सूपच्या सूप आणलं होतं त्यांनी. मडकं भरलं. दुसरं मागवलं, तेही भरलं. तिसरं निम्मं झालं. साहेब खुर्चीतून उठले. "अडीच मडकी! पाटील, असं बहुमत सबंध संस्थानात नसेल. मी महाराजांच्या कानावर घालतो." कारकून भराभर लिहायला लागले.

तेवढ्यात बायकांतून माझी आई उठली. घरातलं सूप तिच्या हातात होतंच. कोणाला न विचारता तिनं पहिल्या मडक्यातलं भात सुपात ओतलं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि पाखडायला लागली. सुपाचा फट फट आवाज तेवढा. पोचं भात उडालं ते साहेबांच्या टोपीवर, कारकुनांच्या दौतीत, वहीच्या ओल्या शाईवर आणि बाच्या काळ्या कोटावर. बा पिवळा झाला. तिनं दुसरं मडकं घेतलं, मग तिसरं. पाखडून झाल्यावर सूप कारकुनापुढं धरलं. तळाशी चिमूटभर दाणे होते.

"मोज आता," आई म्हणाली.

"बाई, हे नियमात बसत नाही," कारकून म्हणाला.

गोमा पुढं आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "मडकं रिकामं धाडू नये म्हणून भरलं, लखमा. आमच्या शेतात जे पिकलं तेच घातलं. दुसरं आणायचं कुठून?"

बा उभा राहिला. साहेबांकडे वळला. "साहेब, लिहा. मी पडलो."

"छे छे," साहेब डोळ्यातला कोंडा चोळत म्हणाले, "विरोधकच नाही तर पडाल कसे?" आणि वर कळवलं गेलं की करवंदमाळच्या प्रजेनं अडीच मडकी भात आनंदानं देऊन सभासदांवर विश्वास प्रकट केला. त्यात काहीच खोटं नव्हतं, फक्त ते पाखडलेलं नव्हतं.

त्या दिवशी बा घरामागं दगडावर बसून कोटावरचं तूस वेचत होता. मी धीर करून जवळ गेले. "बा, त्या कागदात..." एवढंच बोलले. तो म्हणाला, "पोरी, कोटाचं वरचं बटण तुटलंय. उंबराखाली पडलं असंल. बघ बरं." मी गेले. बटण सापडेपर्यंत माझं धैर्य संपलं होतं. त्यानंतर तो विषय निघाला की त्याचं काहीतरी हरवायचं.

पण बानं कोट टाकून दिला नाही. आईनं चुलीत घालायला मागितला तर म्हणाला, "राहू दे. अजून एक काम हाय त्याचं." चैत्रात एका सकाळी त्यानं कोट चढवला, कोयती घेतली आणि झाडावर चढला. दिवसभर फांद्या तोडल्या. आमच्या रोपाच्या तुकड्यावर रचल्या. मग गोमाच्या. मग सगळ्यांच्या. वाळल्यावर उभ्या उन्हात, त्याच कोटात, एकेक राब स्वतःच्या हातानं पेटवत गेला. दुसऱ्या कोणाला काडी लावू दिली नाही. जंगलाचा शिपाई धावत आला.

"हा राब कोणाचा?"

"माझा," बा म्हणाला.

"आणि तो गोमाच्या शेतातला?"

"माझा."

"त्या पलीकडच्या टेकडीवरचे?"

"दिसतील तेवढे माझेच. लिही."

शिपाई कोटाकडे बघायला लागला. सभासदाला हात लावायचा तर वरची परवानगी लागते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं सलाम ठोकला आणि कागद वर पाठवला. कागद जव्हारला गेला, या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, त्याला शेरे चिकटले. परवानगी खाली आली तेव्हा श्रावण लागला होता आणि आमचं रोप केव्हाच आवणी होऊन चिखलात हिरवंगार उभं होतं. बाच्या सबंध कारकिर्दीत सरकारी दिरंगाईचा पाड्याला झालेला हा एकमेव फायदा. नंतर बाला सभासदपदावरून काढलं, वर्तन शोभणारं नव्हतं म्हणून. दंडात आमची म्हैस गेली. ती ओढा ओलांडून इंग्रजांकडे पळेल अशी मला आशा होती, पण ती निमूट गेली. त्या वर्षी प्रत्येक घरानं पहिल्या भाताची टोपली आमच्या दारात आणून ठेवली. गोमानं आणलेल्या टोपलीत आईनं उगाच हात घालून पाहिला. जड होतं.

पुढं संस्थान गेलं, सभा गेली, मी शिकले, जव्हारला मास्तरीण झाले. म्हातारपणी बा माझ्याकडेच होता. शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यानं गोधडीत पडल्या पडल्या मला कोट काढायला सांगितला. ठिणग्यांनी चाळण झालेला, खिसा मात्र शाबूत. आतून त्यानं घडीवर फाटत आलेला तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी उडी मारलीस ना, तिथनं वाच."

"बा, तुला माहीत होतं?"

"मना वाचता येत नाय. पण जन्मभर नांगर धरलाय. मधेच नांगर उचलला तं कळत नाय का?"

"मंग बोलला का नाहीस? त्या दिवशी तिथंच का नाही विचारलंस?"

"एवढी माणसं बसली होती," बा म्हणाला. "म्हटलं, पोरगी सगळ्यांदेखत खाली बघंल."

मी रडले. खूप रडले. तो थांबला, आणि माझं संपल्यावर बोटानं कागद दाखवला. मग मी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. वर्षाऋतुपूर्व. क्षेत्रदहनार्थ. वृक्षशाखाच्छेदनास प्रतिबंध. एकेक शब्द फोडून त्याचा अर्थ सांगितला, शाळेत पोरांना सांगते तसा. तो डोळे मिटून ऐकत होता, मधे मधे हुंकार देत होता. शेवटी मी ते शेवटचं वाक्यही वाचलं. अनुकूल सभासदांनी हात वर करावा.

बानं दोन्ही हात गोधडीच्या आत घेतले.